सोन्याच्या गावातील एक कबर



आजच्या शुभवर्तमानात (लूक १२:१३-२१) गर्दीतला एक मनुष्य प्रभू येशूकडे तक्रार घेऊन येतो. त्याचा भाऊ त्याला वडिलोपार्जित मालमत्तेचा वाटा देत नाही. प्रभूने मध्यस्थी करून वाटणी करून द्यावी, अशी त्याची विनंती आहे. प्रभू वाटणी करून देत नाही. त्याऐवजी तो एका श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. पीक उदंड आले म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा त्याने बेत केला आणि त्याच रात्री त्याचे प्राण मागून घेतले गेले.

हे शुभवर्तमान मी आजवर अनेकदा वाचले आहे आणि त्यावर प्रवचनेही दिली आहेत. परंतु गेल्या जूनमध्ये मी अशा एका गावात उभा होतो की तिथे हा दाखला मला डोळ्यांनी पाहायला मिळाला. आज त्या गावाविषयी थोडे सांगावे असे मनात आहे.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे की मी महिनाभराच्या रजेवर कॅनडाला गेलो होतो. सेमिनरीतील माझा एक वर्गमित्र तिथे उत्तरेकडील युकॉन प्रदेशात धर्मगुरू म्हणून सेवा करतो. तो म्हणाला, "चल, तुला सोन्याचे गाव दाखवतो." व्हाइटहॉर्स या राजधानीच्या शहरातून आम्ही सकाळी गाडीने निघालो. सुमारे ५३० किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना सूचीपर्णी झाडांचे जंगल, मधूनच नदी, मधूनच तळे. तासन् तास घर दिसत नाही, माणूस दिसत नाही. आपल्याला दर दहा पावलांवर घर पाहण्याची सवय! मला ती शांतता प्रथम छान वाटली, मग थोडी भीती वाटू लागली. संध्याकाळी आम्ही डॉसन सिटीला पोहोचलो. संध्याकाळ म्हणायची ती घड्याळाप्रमाणे. जूनमध्ये तिथे सूर्य मध्यरात्र उलटून गेल्यावर जेमतेम टेकतो आणि काळोख असा होतच नाही.

गाव कसे वसले

युकॉन आणि क्लोंडाइक या दोन नद्यांच्या संगमावर हे गाव आहे. १८९६ पूर्वी इथे गाव नव्हते. ट्रॉन्डेक ह्वेचिन हे मूळ रहिवासी उन्हाळ्यात संगमावर सामन मासा पकडायला येत. ऑगस्ट १८९६ मध्ये क्लोंडाइकला मिळणाऱ्या एका लहानशा ओढ्यात सोने सापडले. शोध लावणाऱ्या मंडळीत जॉर्ज कार्मॅक हा अमेरिकन, त्याची पत्नी केट आणि तिचे नातलग स्कूकम जिम व डॉसन चार्ली हे होते. कार्मॅक सोडला तर बाकी सारे आदिवासी समाजाचे. त्या ओढ्याला पुढे 'बोनान्झा' असे नाव पडले.

ही बातमी बाहेरच्या जगाला कळायला जवळजवळ वर्ष लागले. जुलै १८९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटल या बंदरांत दोन बोटी लागल्या आणि त्यांतून सोन्याच्या थैल्या घेतलेले लोक उतरले. झाले! कारकुनांनी नोकऱ्या सोडल्या, दुकानदारांनी दुकाने विकली, नवऱ्यांनी बायका-मुलांना निरोप दिला. सुमारे एक लाख लोक उत्तरेकडे निघाले असा अंदाज आहे. त्यांतले तीस-चाळीस हजार कसेबसे डॉसनला पोहोचले. सोने हाती लागले ते त्यांतल्या सुमारे चार हजारांच्या. आणि खरोखर श्रीमंत झालेले लोक काही शेकड्यांतच मोजावे लागतील.

बंधु-भगिनींनो, त्या लोकांनी सोसलेले कष्ट ऐकून अंगावर काटा येतो. वाटेत चिलकूट नावाची खिंड आहे. प्रत्येकाने वर्षभर पुरेल एवढे अन्न बरोबर आणले पाहिजे, असा कॅनडाच्या पोलिसांचा दंडक होता, कारण पुढे खायला काहीच मिळणार नव्हते. अन्न, तंबू, अवजारे मिळून माणशी जवळजवळ एक टन ओझे होई. बर्फात कोरलेल्या पायऱ्यांवरून एका वेळी पाठीवर मावेल तेवढेच न्यायचे, वर ठेवायचे, पुन्हा खाली उतरायचे आणि पुन्हा चढायचे. अशा वीस, तीस, चाळीस खेपा! शेजारच्या दुसऱ्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडी ओझ्याखाली आणि उपासमारीने मेली. ३ एप्रिल १८९८ रोजी चिलकूटच्या वाटेवर हिमकडा कोसळला आणि साठांहून अधिक माणसे गाडली गेली. तो दिवस होता झावळ्यांचा रविवार. प्रभूने यरुशलेमेत प्रवेश केला तो दिवस!

आणि एवढे करून ते डॉसनला पोहोचले तेव्हा काय कळले? सोन्याच्या ओढ्यांवरील चांगल्या जागा केव्हाच दुसऱ्यांच्या नावावर लागलेल्या होत्या.

सोने आहे, पण पीठ नाही

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार शिकवला होता. संपत्ती दोन प्रकारची असते, असे ते म्हणतात. अन्न, वस्त्र, निवारा ही नैसर्गिक संपत्ती आणि पैसा ही माणसाने निर्माण केलेली संपत्ती. पहिलीची भूक भागते, कारण पोट भरले की माणूस थांबतो. दुसरीची भूक भागत नाही, कारण तिला पोटच नाही. तेव्हा मी हे परीक्षेसाठी पाठ केले होते. डॉसनमध्ये त्याचा अर्थ कळला.

१८९७ चा हिवाळा आला. नदी गोठली, बोटी बंद झाल्या आणि गावात अन्नाची टंचाई पडली. ज्यांच्या झोपडीत सोन्याने भरलेले डबे होते त्यांच्याकडे पीठ नव्हते. शेकडो लोक उपासमारीच्या भीतीने गाव सोडून गेले. सोन्याचा दगड चावता येत नाही, हे त्या हिवाळ्यात सर्वांना समजले. पण समजले म्हणून हाव संपली का? नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावात हजारो माणसे येऊन थडकली. नाचघरे, दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे उभे राहिले.

'क्लोंडाइकचा राजा' म्हणून ओळखला जाणारा अॅलेक्स मॅकडोनाल्ड हा आपलाच एक कॅथलिक बांधव. नोव्हा स्कोशियाहून आलेला. एका गरजू माणसाकडून त्याने सोन्याच्या जागेचा अर्धा हिस्सा पिठाची गोणी आणि डुकराचे खारवलेले मांस देऊन घेतला, असे सांगतात. त्याच जागेने त्याला लक्षाधीश केले. मग तो जागांमागून जागा घेत सुटला. मनाने उदार माणूस. परंतु थांबायचे कुठे हे त्याला कळले नाही. सगळे गेले, कर्ज राहिले. १९०९ साली एका दूरच्या ओढ्यावर एकट्याच्या झोपडीत राहणारा हा 'राजा' जळाऊ लाकडे फोडताना मरण पावला.

आणि डॉसन गावाचे काय झाले? १८९९ च्या उन्हाळ्यात अलास्कातील नोम येथे समुद्रकिनाऱ्यावर सोने सापडल्याची बातमी आली आणि त्या ऑगस्टमध्ये एका आठवड्यात सुमारे आठ हजार लोक गाव सोडून गेले. परिसरात तीस हजारांच्या आसपास पोहोचलेली वस्ती पाच हजारांखाली घसरली. १९५३ मध्ये प्रदेशाची राजधानीही व्हाइटहॉर्सला गेली. आज तिथे सुमारे दीड हजार लोक राहतात. रस्ते मातीचे, कडेला लाकडी फळ्यांचे पादचारी मार्ग. जमीन खाली बारमाही गोठलेली असते. वरच्या घराच्या उबेने ती वितळली की घर खचते. शंभर वर्षांपूर्वीची दोन घरे एकमेकांवर रेलून उभी आहेत, पर्यटक त्यांचे फोटो काढतात. मीही काढला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील वाळूवर बांधलेल्या घराची मला आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी बोनान्झा ओढ्यावर गेलो. तिथे एका जागी पर्यटकांना विनामूल्य सोने शोधता येते. आपल्याकडे सोनारांच्या दुकानासमोरची धूळ धुऊन सोन्याचे कण शोधणारे झारेकरी असत, तसेच हे काम. पसरट भांड्यात वाळू आणि पाणी घ्यायचे आणि हळूहळू घोळवत वरची वाळू सांडायची. जड असलेले सोने तळाशी राहते. मी दीड तास वाकून बसलो. पाणी बर्फासारखे, बोटे बधिर. मित्र म्हणाला, "फादर, जेवायचे नाही का?" मी म्हणालो, "एकदाच अजून." असे मी किमान सहा वेळा म्हणालो! शेवटी तांदळाच्या कणीच्या दहाव्या भागाएवढा एक पिवळा ठिपका चमकला. माझ्या छातीत जे धडधडले ते तुम्हाला कसे सांगू? दारिद्र्याविषयी प्रवचने देणारा मी धर्मगुरू, आणि एका ठिपक्याने मला जेवण विसरायला लावले. त्या एक लाख लोकांना हसण्याचा अधिकार मी त्या ओढ्यावर गमावला.

ज्याने सोने शोधले नाही

गावाच्या उत्तर टोकाला एक साधी कबर आहे. तिथे येशूसंघीय धर्मगुरू फादर विल्यम जज चिरनिद्रा घेत आहेत. आजच्या शुभवर्तमानात वाटणीसाठी न्यायाधीश होण्यास प्रभू नकार देतो आणि या फादरांचे आडनाव मात्र 'जज'! परंतु त्यांनीही कोणाची वाटणी केली नाही, कोणाचा निवाडा केला नाही.

त्यांचा जन्म अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८५० साली झाला. १८९० मध्ये ते अलास्कातील मिशनवर आले. सोने सापडले तेव्हा ते युकॉन नदीवरील फॉर्टीमाइल या वसाहतीत होते. सगळे लोक सोन्याच्या मागे धावले. फादर जजही १८९७ च्या सुरुवातीला डॉसनला गेले, परंतु त्यांच्या घसरगाडीवर औषधे होती. गाडीला एकच कुत्रा, आणि त्याच्या जोडीला स्वतःच्या खांद्यावर पट्टा घेऊन ओढणारे हे कृश शरीराचे धर्मगुरू. जिथे हजारो माणसे घाईने जमतात, तिथे रोगराई पाठोपाठ येते, हे त्यांनी ओळखले होते.

लोक सोन्याच्या जागा घेत होते तेव्हा त्यांनी इस्पितळासाठी आणि चर्चसाठी जागा घेतली. वर्गणी काढून १८९७ सालीच सेंट मेरीज इस्पितळ उभे केले. रुग्णाचा धर्म-पंथ विचारला जात नसे. १८९८ मध्ये विषमज्वराची साथ आली आणि इस्पितळ ओसंडून वाहू लागले. त्याच वर्षी सेंट ॲन संघाच्या धर्मभगिनी मदतीला येऊन पोहोचल्या. फादर जज रात्री-अपरात्री रुग्णांच्या उशाशी असत. घरच्यांना लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी एक खंत व्यक्त केली आहे. सोन्यासाठी ही माणसे जेवढे सोसतात त्यातील थोडे जरी स्वर्गराज्यासाठी सोसतील, तर किती संत निर्माण होतील!

जून १८९८ मध्ये त्यांचे नवे चर्च जळून खाक झाले. कारण त्यांनी स्वतः ठेवलेली एक पेटती मेणबत्ती. चर्चमध्ये प्रार्थना म्हणत असताना त्यांना रुग्णाकडे बोलावणे आले आणि मेणबत्ती विझवायची राहून गेली, असे सांगतात. वर्षभराचे श्रम एका रात्रीत राख झाले. नवे चर्च उभे राहिले ते मघाशी सांगितलेल्या अॅलेक्स मॅकडोनाल्डच्या देणगीतून. विचार करा, त्या 'राजा'ने जे जे साठवले ते सारे बुडाले. जे दिले तेवढे मात्र देवाच्या हिशेबी जमा झाले.

१६ जानेवारी १८९९ रोजी फादर जज न्यूमोनियाने वारले. वय अवघे ४८. पाहणाऱ्याला ते सत्तरीचे वाटत. साऱ्या गावाने शोक पाळला. ज्या गावात सोन्यासाठी जमीन खणली जात होती त्याच गावात, गोठलेल्या त्याच जमिनीत, त्यांच्यासाठी खड्डा खणण्यात आला. आजही लोक त्यांना 'डॉसनचे संत' म्हणतात.

आणखी एका माणसाचे नाव घ्यायला हवे. ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचे प्रमुख चीफ आयझॅक. हजारो परके लोक आल्यावर आपल्या माणसांना घेऊन ते नदीच्या खालच्या अंगाला मूजहाइड येथे गेले. आपली गाणी आणि नृत्ये या गर्दीत नष्ट होतील हे ओळखून त्यांनी ती अलास्कातील नातलगांकडे सांभाळायला दिली. अनेक वर्षांनी ती गाणी त्यांच्या नातवंडा-पणतवंडांकडे परत आली. २०२३ साली युनेस्कोने हा परिसर 'ट्रॉन्डेक-क्लोंडाइक' या नावाने जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, त्यात मूळ लोकांचे नाव आधी आहे. सोने नेणारे गेले. गाणी ठेवणारे टिकले.

आपले सोने

बंधु-भगिनींनो, आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू या. आपल्याकडे बोनान्झा ओढा नाही. पण वाडी आहे, विहीर आहे, गावठाणातली दोन गुंठे जागा आहे. ज्या जमिनीत आपल्या आजोबांनी केळी आणि पानवेल लावली तिचा भाव आता चौरस फुटाने बोलला जातो. भाव वाढला तशी बांधाची रेघही अधिक ठळक झाली. मी नावे घेणार नाही. घेण्याची गरजही नाही. एकाच आईच्या पोटची मुले रविवारी दोन वेगवेगळ्या मिस्सांना येतात, कारण एकाच वेळी आले तर समोरासमोर यावे लागेल. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत भाऊ दिसला की रांग बदलणारे मी वेदीवरून पाहतो. मला पुष्कळांनी मध्यस्थी करायला सांगितले आहे. तुमच्या हक्काचे तुम्ही मागू नये असे मी म्हणत नाही. न्याय मागणे पाप नव्हे. मी फक्त एवढेच विचारतो, की ती जागा मिळाल्यावर त्या घराच्या जेवणाच्या टेबलावर कोण बसणार आहे?

आणि केवळ तुम्हाला उपदेश करून मी बाजूला होणार नाही. फादर जज यांच्या कबरीजवळ मी बराच वेळ उभा राहिलो त्याचे कारण वेगळे होते. माझे वय जवळपास त्यांच्याएवढेच आहे. गेल्या वर्षी आपल्या नव्या सभागृहाचे काम चालू होते. एका संध्याकाळी बांधकाम समितीची सभा होती. लाद्या कोणत्या घ्यायच्या यावर चर्चा रंगली होती. तेवढ्यात एक मुलगा निरोप घेऊन आला, "फादर, आजोबा तुमची आठवण काढतात. येता का?" मी म्हणालो, "उद्या सकाळी नक्की येतो." सकाळी मी तेल आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो तेव्हा अंगणात खुर्च्या मांडल्या जात होत्या. घरच्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. उलट आजोबांच्या मुलीने मला चहा विचारला. ती चहाची विचारणा मी अजून विसरलेलो नाही.

एका धर्मगुरूने रुग्णाकडे धाव घेतली आणि त्याचे चर्च जळाले. दुसऱ्या धर्मगुरूने सभागृहाच्या लाद्या सांभाळल्या आणि एक म्हातारा त्याची वाट पाहत गेला. डॉसनच्या त्या कबरीजवळ मला हे दोन्ही शेजारी शेजारी दिसले. कोठारे मोठी करणारा शेतकरी शुभवर्तमानातच असतो असे नाही. तो झगा घालूनही हिंडतो.

मी तिथेच प्रभूची क्षमा मागितली. त्या कुटुंबाची क्षमा मी त्यांच्या घरी जाऊन मागितली आहे. आज त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, आपल्या सर्वांसमोरही मागतो.

संपत्तीला प्रभू वाईट म्हणत नाही. त्या शेतकऱ्याचे पीक देवानेच दिले होते. त्याच्या बोलण्यात 'मी' आणि 'माझे' याशिवाय दुसरा शब्द नव्हता, ही त्याची चूक. शेजारी नाही, देव नाही, बायको-मुलेसुद्धा नाहीत. तो आपल्या जिवाशीच बोलत बसला. एकट्याची झोपडी आणि बाहेर फोडलेल्या लाकडांचा ढीग, तिथवर नेणारा रस्ता तिथूनच सुरू होतो.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली माझ्यासाठी. या महिन्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी धर्मग्रामाची कोणतीही सभा होणार नाही. तो वेळ घरी खिळून असलेल्या आजाऱ्यांसाठी राहील. आपल्या वाडीत कोणी अंथरुणावर असेल तर नाव कार्यालयात द्यावे, आणि निरोप तातडीचा असेल तर गुरुवारची वाट न पाहता मला सभेतून उठवावे. मी उठेन.

दुसरी तुमच्यासाठी. ज्या भावाशी, बहिणीशी, वहिनीशी जमिनीवरून बोलणे बंद आहे त्याच्या दारात या आठवड्यात एकदा जावे. वाद मिटवायला नव्हे. कोर्टातले कोर्टात राहू द्या. फक्त "कसा आहेस?" एवढे विचारायला. तो दार उघडणार नाही कदाचित. पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे. चिलकूटच्या खिंडीत लोक एका टन ओझ्यासाठी चाळीस वेळा चढले. आपल्याला भावासाठी दोन वेळा जायला काय हरकत आहे?

बोनान्झाच्या ओढ्यात सापडलेला तो सोन्याचा कण मी एका लहान बाटलीत घालून आणला आहे. तो माझ्या कार्यालयातील टेबलावर आहे. मुलांनी येऊन जरूर पाहावा. भिंगाशिवाय दिसत नाही! जमाखर्चाच्या वह्या उघडताना तो माझ्या समोर असतो आणि मला एका कबरीची व एका अंगणातील खुर्च्यांची आठवण करून देतो.

प्रभू आपणा सर्वांना त्याच्या दृष्टीने धनवान करो.

आपला ख्रिस्तात बंधू,
प्रमुख धर्मगुरू